घराण्याचा ओठ

४ फेब्रुवारी

मिशीकाका,

नमस्कार घ्या आणि आधी खाली बसा.

आपल्यात शेवटचं पत्र तीन वर्षांपूर्वी झालं. तेही तुमचं, बाबा गेल्यावर आठ दिवसांनी, एका पोस्टकार्डावर साडेचार ओळी. सख्खा धाकटा भाऊ गेला आणि काकांचा साधा फोन नाही, हे मी मनात ठेवलं होतं. अजून ठेवलेलं आहे. पण आज गरज माझी आहे आणि गरजवंताला अक्कल नसते, म्हणून लिहिते आहे.

मला मुलगी झाली. आज ती तीन आठवड्यांची आहे. वजन ठीक, हातपाय ठीक, रडणं ठीकच्याही वर. वरचा ओठ डाव्या बाजूला थेट नाकापर्यंत दुभंगलेला आहे आणि टाळूही मागपर्यंत उघडी आहे. तिला अंगावर पिता येत नाही, कारण दूध ओढायला तोंड सगळीकडून बंद लागतं आणि तिच्या तोंडाला छप्परच नाही. बाटलीनं पाजते. निम्मं पोटात जातं, निम्मं नाकातून माझ्या खांद्यावर. नवरा तिला 'साहेब' म्हणतो, कारण ती कपाळाला आठ्या घालून आमची सगळी कामं तपासत असते. तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्याला साहेबांची सवय आहे.

इथल्या रुग्णालयात एक डॉक्टरबाई खास अशाच मुलांचं बघतात. त्या सांगतात, पोटातल्या बाळाचा चेहरा आधी सुट्या तुकड्यांचा असतो. तुकडे बाजूंनी वाढत येतात आणि मध्ये जुळतात. वरचा ओठ सहाव्या-सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू त्याच्या मागून. सातशे मुलांमागे साधारण एकाचं जुळायचं राहून जातं. मी ज्या बुटांच्या दुकानात काम करते तिथे दिवसाला सत्तर गिऱ्हाइकं येतात, म्हणजे दहा दिवसांत असं एक येऊन जात असणार. मी इतकी वर्षं फक्त पायच बघत होते.

डॉक्टरबाईंनी एक कागद दिला आहे. त्यावर घराण्याचं झाड काढायचं. बायकांना गोल, पुरुषांना चौकोन, आणि ज्याला ज्याला असं होतं त्याचा आकार काळा करायचा. नवऱ्याच्या बाजूचा कागद सासूबाईंनी स्वतः भरला. चार पिढ्या, सगळ्या पांढऱ्या. खाली सहीसुद्धा केली, सहीला जागा नव्हती तरी. आपल्या बाजूचं विचारायला तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही. आई मी शाळेत असतानाच गेली आणि बाबांनी कधी काही सांगितलं नाही.

आणखी एक. सातव्या आठवड्यात मी दुकानातल्या शिडीवरून पडले. वरच्या फळीवरचा आठ नंबरचा जोड काढत होते. गिऱ्हाइकाला शेवटी सात नंबर बसला. डॉक्टरबाई म्हणतात, पडण्याचा याच्याशी काही संबंध नाही. घरात मी हे कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही कुणाशी बोलत नाही.

कागद सोबत आहे. भरून पाठवा.

तुमची खार


१५ फेब्रुवारी

खारूताई,

तुला आशीर्वाद. साहेबांना सलाम. मी बसूनच असतो.

कागद परत पाठवत आहे. भरण्यासारखं काही नव्हतं म्हणून नाती लिहिली आणि गोल-चौकोन पांढरे ठेवले. आपल्या घराण्यात असं कुणालाही नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? हवं तर तुझ्याकडचा आल्बम काढून पाहा. त्यातला प्रत्येक फोटो माझ्या हाताखालून गेलेला आहे. स्टुडिओत चाळीस वर्षं मी रिटचिंगच्या टेबलावर बसलो. एकाही चेहऱ्यात खोट सापडायची नाही.

पडण्याबद्दल. तुझी आजी म्हणायची की असल्या गोष्टी पडण्यावरून होतात. पोटुशी बाई पडली की ते मुलाच्या तोंडावर जातं. डॉक्टरबाई शिकलेल्या आहेत, त्यांचं त्यांना ठाऊक. आता जे झालं ते झालं, यापुढे शिडी टाळ.

दुधाचं. बाटलीच्या बोंडाचं भोक मोठं करू नकोस, त्याला फुलीसारखा छेद दे. मुलीला आडवं धरू नकोस, जवळजवळ बसतं धर. ती गिळेल त्या बेतानं बाटली हलके हलके दाबत राहा. दूध नाकातून आलं तर घाबरू नकोस. थांब, पूस, पुन्हा सुरू कर. पाणी नाकात गेल्यावर जळतं, तेवढं दूध जळत नाही. हे सगळं कुठेतरी वाचनात आलं होतं.

फोनचं म्हणालीस. फोन मला जमत नाही.

काका


२ मार्च

मिशीकाका,

फुलीचा छेद लागू पडला. साहेब आता अर्ध्या तासात बाटली संपवतात आणि नाकातून फक्त शेवटचा घोट परत करतात. डॉक्टरबाईंनी विचारलं, हे कुणी सांगितलं? म्हटलं, काकांनी कुठेतरी वाचलं. त्या म्हणाल्या, काकांचं वाचन चांगलं आहे.

आल्बम त्यांना दाखवून आले. त्यांनी भिंग लावून एकेक चेहरा पाहिला. आजीचा फोटो आणि तुमचा मिशी येण्याआधीचा फोटो त्यांनी शेजारी शेजारी ठेवला. काका, तुमचा आणि आजीचा वरचा ओठ अगदी एकच आहे! तीच मधली खाच, तेच दोन उंचवटे, उजवीकडे तोच किंचित वर गेलेला कोपरा. डॉक्टरबाई म्हणाल्या, मायलेकरांत इतकं साम्य त्यांनी पुस्तकातही पाहिलेलं नाही. मला अभिमान वाटला. वारसा असावा तर असा. माझ्यापर्यंत काही तो पोचला नाही.

आता दुसरं. तुमचं पत्र वाचलं आणि त्याच संध्याकाळी शिडीचं घरात सांगून टाकलं. आजी म्हणायची म्हणजे तिनं काहीतरी पाहिलेलं असणार. डॉक्टरबाई नाही म्हणतात, पण ओठ सातव्या आठवड्यात जुळतो हेही त्याच सांगतात, आणि मी पडले तो आठवडाही सातवाच. सासूबाई इतके दिवस काही बोलत नव्हत्या, म्हणजे सगळं बोलत होत्या. आता तोंडानं बोलतात. 'शिडीवर चढायची हौस नडली,' एवढंच, पण दिवसातून तीनदा, जेवणानंतर औषध घ्यावं तसं.

दुकान सोडलं. मालकांनी माझा चहाचा कप घरी पाठवून दिला, म्हणजे राजीनामा मंजूर झाला. साहेबांना घेऊन मी जिना उतरत नाही, नवरा उतरवतो. आमची खोली चौथ्या मजल्यावर आहे आणि लिफ्टवाल्याच्या घराला लिफ्ट नाही.

नवरा चांगला आहे. त्यानं फक्त एकदा विचारलं, 'आधी का नाही सांगितलंस?' मी बाटल्या उकळायला गेले.

काका, तिच्याकडे पाहिलं की मला ती शिडीच दिसते. तिच्या तोंडाकडे न बघता दूध पाजायचं मी शिकले आहे. तीही मग माझ्याकडे बघत नाही, खिडकीकडे बघते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही एकटे असता, तुम्हाला सांगितलं तर चालेल असं वाटलं.

खार


२१ मार्च

मिशीकाका,

तुमचं उत्तर नाही. पोस्टमननं हरवलं असेल तर तो मोठ्या मनाचा आहे, बाकीची बिलं सगळी आणून देतो.

परवा तपासणी होती. साहेबांच्या खालच्या ओठावर दोन बारीक खळगे आहेत. आम्हाला ते दुधाचे बुडबुडे वाटायचे. डॉक्टरबाईंनी ते पुसून पाहिले, आणि मग भिंग एकदम माझ्याकडे वळवलं. माझ्या खालच्या ओठावरही दोन आहेत, अगदी फिकट. मी म्हटलं, ते लहानपणचे, घराच्या पायरीवर पडले तेव्हा दात रुतले होते.

त्या म्हणाल्या, 'दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर?'

म्हटलं, 'बाबापण पडले होते लहानपणी. ते मला म्हणायचे, आपण दोघं पायरीबंधू.'

'त्याच पायरीवर?'

'हो.'

त्यांनी पेन खाली ठेवलं.

मग त्यांनी नीट समजावलं. बहुतेक घरांत हे असं सरळ रेषेत येत नाही, बरीच कारणं एकत्र येतात आणि बोट कशावरच ठेवता येत नाही. पण खालच्या ओठावर असे खळगे असले तर गोष्ट वेगळी. मग ते रक्तातून येतं. आईकडे किंवा बापाकडे असलं तर मुलात उतरण्याची शक्यता निम्मी, दर खेपेला नव्यानं. आणि उतरलं तरी कुणाला नुसते खळगे, कुणाचा ओठ, कुणाची टाळू, ते आधी सांगता येत नाही.

'वडिलांना होते का ते बघा,' त्या म्हणाल्या. 'नसतील तर तुमच्यापासून नव्यानं सुरू झालं असेल. तसंही होतं.'

बाबांना मी जन्मभर दाढीतच पाहिलं. बिनदाढीचा फोटो एकच, त्यांच्या लग्नातला. त्यात खालचा ओठ लख्ख आहे, एक ठिपका नाही. डॉक्टरबाईंनी तसं लिहून घेतलं. सासूबाई म्हणाल्या, 'म्हणजे हिच्यापासूनच.' आता माझ्याकडे शिडीही आहे आणि रक्तही.

बाबा पायरीवर पडले होते ना? मग फोटोत खूण कुठे गेली? तुम्ही सख्खे भाऊ, एका ताटात जेवलात. काय ते एकदा मला सांगा. बरं असो की वाईट.

खार


१ एप्रिल

खारूताई,

तारीख पाहून गंमत समजू नकोस.

तुझा कागद पुन्हा काढून भरला आहे. आजीचा गोल काळा. माझा चौकोन काळा. तुझ्या बाबांच्या चौकोनात दोन ठिपके दिले आहेत, तसा नियम नसेल तर डॉक्टरबाईंनी दुरुस्त करावं. ओठात एक आणि पोटात एक असं लोक म्हणतात. माझ्या बाबतीत ओठही खोटा होता.

आता क्रमानं सांगतो.

तुझं २१ तारखेचं पत्र आल्यावर खाली उतरून स्टुडिओ उघडला. तो बंद होऊन सहा वर्षं झाली. मी वरच्या खोलीत राहतो, किल्ली माझ्याकडे असते. जुन्या निगेटिव्हांचा पत्र्याचा डबा काढला आणि तुझ्या बाबांचं लग्नातलं निगेटिव्ह शोधलं. तुला माझं काम कधी कुणी समजावलं नसेल. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. चेहऱ्यावरचा काळा डाग तिथे उजळ दिसतो. पेन्सिलीला सुईसारखं टोक काढून तो उजळ भाग बारीक बारीक भरला की फोटोत डाग उरत नाही. लोक पांढऱ्यावर काळं करून पोट भरतात. मी काळं करून पांढरं केलं, चाळीस वर्षं.

पेन्सिलीचं काम टर्पेंटाइननं निघतं. कापसाचा बोळा भिजवून बाबांच्या तोंडावरून फिरवला. खालच्या ओठावर दोन ठिपके निघाले, मध्यापासून सारख्या अंतरावर. मला ते भरल्याचं आठवतं. मी ते धूळ समजून भरले होते. सख्ख्या भावाचा ओठ, आणि मला धूळ वाटली. तो पायरीवर पडला असं आई सांगायची आणि मी ते मानलं होतं. पुढे तूही पडलीस, तेही मानलं. दोन पिढ्यांना एकाच जागी, सारख्या अंतरावर दात लागायचे तर त्या पायरीत काहीतरी विशेष हवं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मग आरशात पाहिलं. मलाही दोन आहेत. मिशी असली की लोक वरच बघतात. मीसुद्धा वरच बघत आलो.

मिशीखाली काय आहे ते आता सांगायला हवं. माझा ओठ साहेबांसारखाच होता. लहानपणी एका डॉक्टरनं तो शिवला, घाईत चपलेची टाच शिवावी तसा. टाळू शिवलीच नाही, ती आजही उघडी आहे. म्हणून मी भिंतीकडे तोंड करून जेवतो. म्हणून बोलत नाही. फुलीचा छेद कुठेही वाचलेला नाही. आईनं मला तसंच वाढवलं.

तिचा स्वतःचा ओठ दोन्ही बाजूंनी उघडा होता आणि तो कुणी कधीच शिवला नाही. ती जन्मभर तोंडापुढे हात धरून बोलली. तू लहान होतीस, तुला वाटायचं आजी हसते आहे. ती गेल्यावर भिंतीवर लावायला फोटो हवा होता. तिचं एकच निगेटिव्ह होतं, मीच हट्टानं काढलेलं. तिला ओठ कुठून आणायचा? माझ्या टेबलावर स्टुडिओच्या मालकांच्या पत्नीचा फोटो असे. त्यांचा ओठ मला पाठ होता. पेन्सिलीनं कण कण भरून तो आईला दिला. मग माझ्या तरुणपणच्या फोटोलाही दिला. हात बसल्यावर अडल्यानडल्या गिऱ्हाइकांनाही देत गेलो. या गावात निदान तीस भिंतींवर तो ओठ आहे. त्या बाईंना कल्पना नाही. डॉक्टरबाईंना सांग, पुस्तकात घालू नका.

परवा आईच्या निगेटिव्हवरूनही बोळा फिरवला. मालकिणीचा ओठ गेला आणि आई आली. इतक्या वर्षांनी पाहिली. रडलो, हे लिहायला हरकत नाही.

का लपवलं, असं विचारशील. आईचं म्हणणं, झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझ्या बाबांचं लग्न ठरत होतं तेव्हा पाहुणे जाईपर्यंत मला आतल्या खोलीत बसवलं होतं. माझी तक्रार नव्हती, मी पुस्तक घेऊन बसलो होतो. पण फेब्रुवारीत तुला पत्र लिहिलं तेव्हा मी अजून त्याच खोलीत बसलो होतो असं दिसतं. तू मार्चमध्ये दुसरं पत्र पाठवलंस, मुलीच्या तोंडाकडे बघत नाहीस असं लिहिलंस. त्याचं उत्तर मी चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं. तुझे हे दिवस माझ्यामुळे गेले. ते मला भरून देता येणार नाहीत.

पुढचं वाक्य सासूबाईंना दाखव. शिडीवरून पडल्यानं तुझ्या गुडघ्याला लागलं असेल, मुलीच्या ओठाला नाही. आडातच होतं ते. मुलगी माझ्यावर गेली आहे.

बाबांचा, आईचा आणि तसाच पुसून काढलेला माझा, असे तीन कोरे, म्हणजे पेन्सिल न लागलेले, प्रिंट सोबत पाठवतो. आईचा काळजीपूर्वक उघड.

काका


१२ एप्रिल

काका,

पत्र मी उभ्यानं वाचलं. मग बसले. मग साहेबांना मांडीवर घेऊन पुन्हा वाचलं, आणि या खेपेला तिच्याकडे बघत. ती आधी खिडकीकडे बघत होती. मग तिला शंका आली असावी. तिनं आठ्या घातल्या आणि माझं तोंड नीट तपासलं. बराच वेळ आम्ही दोघी एकमेकींना तपासत होतो. पास झाले की नाही, ते तिनं सांगितलं नाही.

मी तुमच्यावर रागावले आहे. हे स्पष्ट लिहिते, कारण आपल्याकडे मूग गिळून बसणारे पुष्कळ झाले. पोटच्या मुलीकडे मी बघत नव्हते आणि तुम्ही तिकडे कागद फाडत होता. एक ओळ पाठवली असती तरी चाललं असतं. हा राग किती दिवस राहील माहीत नाही. पण साहेब तुमच्यावर गेल्या आहेत, ही ओळ मी नवऱ्याला दोनदा वाचून दाखवली. दुसऱ्यांदा त्यानंच मागितली.

डॉक्टरबाईंनी बाबांचा कोरा प्रिंट भिंगाखाली धरला आणि नुसतं 'हं' म्हणाल्या. झाड आता चार पिढ्यांचं झालं आहे आणि त्यातले काळे आकार सरळ खाली उतरत येतात. दुसऱ्या मुलाचं पुढे कधी ठरवलं तर ती निम्मी शक्यता धरून ठरवू, घाबरून नाही. ओठाच्या गोष्टीवर मात्र त्या इतक्या हसल्या की बाहेरची नर्स आत आली. मालकिणीचं नाव मी सांगितलं नाही.

सासूबाईंना तुमचं वाक्य दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. मग आजीचा फोटो मागितला. बराच वेळ बघून विचारलं, 'या बाईंनी दोन मुलं वाढवली? अशा तोंडानं?' मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, 'आणि लोक म्हणत असतील की पडली असेल.' तेव्हापासून शिडीचं औषध बंद आहे. सोमवारी मी कप घेऊन दुकानात परत गेले. मालकांनी शिडी नवी घेतली आहे.

ओठाचं ऑपरेशन २४ तारखेला. टाळूचं पुढे, ती वर्षाची व्हायच्या सुमाराला. म्हणजे बोलायला लागेल तेव्हा टाळू जागेवर असेल, असं डॉक्टरबाई म्हणतात.

ऑपरेशनच्या आधीचा म्हणून तिचा एक फोटो काढून घेतला. सासूबाई म्हणतात, काका घरचेच आहेत, ओठ जुळवून देतील, भिंतीवर लावायला बरा. नवरा म्हणतो, राहू दे तसाच. निगेटिव्ह सोबत पाठवते. तुमच्या हाताला येईल ते करा.

एक विचारायचं राहिलं. तुम्ही बोलत का नाही ते कळलं. पण बाबा गेले त्या दिवशी नुसता फोन करून 'खार' एवढं म्हणाला असता तरी मला पुरलं असतं. तेवढंही जमू नये?

तुमची खार


१८ एप्रिल

खारूताई,

राग ठेव. तो पोचला आहे आणि मला मान्य आहे.

साहेबांचं निगेटिव्ह टेबलावर लावलं. सवयीनं पेन्सिलीला टोक काढलं. मग भिंगातून बराच वेळ पाहिलं. ओठ पाहिला, नाक पाहिलं, खालचे दोन ठिपके पाहिले. ते धूळ नाहीत याची यावेळी खात्री करून घेतली. धुळीचा एक कण कपाळावर होता, तेवढा काढला. बाकी कशाला हात लावला नाही.

मोठा प्रिंट करून पाठवत आहे. सासूबाईंना सांग की रिटचिंगवाल्यानं तपासून पाहिलं, काम निघालं नाही. भिंतीवर लावाल तेव्हा शेजारी आजीचा लाव, कोरा. आता तिला तोंडापुढे हात धरायची गरज नाही.

फोनचं. मी केला होता. बाबा गेले त्याच दिवशी दुपारी, कोपऱ्यावरच्या दुकानातून. तूच उचललास. मी 'खार' म्हटलं. मग त्याचं नाव घेतलं. तू म्हणालीस, 'हॅलो, लाइन खराब आहे, काही कळत नाही, नंतर करा.' तुझा आवाज बसला होता. मी पुन्हा लावला आणि पुन्हा तेच म्हटलं. तूही तेच म्हणालीस. तुझी काही चूक नाही. टाळू उघडी असली की शब्द नाकातून निघतात आणि तारेतून जाईपर्यंत त्यांचा नुसता आवाज उरतो. दुकानदारानंही विचारलं, लाइन खराब आहे का? मी मान हलवली. मग पोस्टकार्ड आणलं. त्या साडेचार ओळींना आठ दिवस लागले.

हे तुला कधी सांगणार नव्हतो. पण तू विचारलंस, आणि आता काही झाकायचं नाही असं ठरलेलं दिसतं.

२४ तारखेला ऑपरेशन झाल्यावर मुलगी कशी आहे हे पत्रानं कळायला चार दिवस लागतात. तेवढं थांबणं मला होणार नाही. म्हणून त्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता मी फोन करणार आहे. तू घरी नसशील तर सासूबाईंना किंवा नवऱ्याला आधी सांगून ठेव. मी 'खार' म्हणेन, मग 'साहेब' म्हणेन, मग गप्प बसून तुमचं ऐकेन.

लाइन खराब वाटली तर ठेवू नका. तो मी आहे.

काका